चवथीआधी भरलेली वही

सरकारची देखरेख संपल्याचं पत्र आलं, त्या दिवशी आमच्या रुग्णालयाच्या दारात नारळ फोडला. कोणी रोगी बरा झाला म्हणून नव्हे. दोन वर्षं दर महिन्याला न सांगता येणाऱ्या तपासणीस बाई आता येणार नाहीत, म्हणून.

चेअरमननी स्वतः गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे शुभकार्य असो की संकट, एकानं देवापुढे सगळ्यांच्या वतीनं मोठ्यानं मागणं मागायचं आणि बाकीच्यांनी वाक्यागणिक होकार भरायचा.

"बा देवा महाराजा, आज ह्या हॉस्पिटलातली तुझी सगळी लेकरां हात जोडून उभी आसत. दोन वर्सां जी काय सरकारची वाकडी नजर आमच्यार होती, ती तू दूर केलंस रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

"आता जो कोण आमच्या वायटावर आसात, तेका चांगली बुद्धी दी रे महाराजा!"

"व्हय महाराजा!"

डॉक्टर म्हणाले, नर्स म्हणाल्या, वॉर्डातल्या मावश्या म्हणाल्या. मीही म्हणाले. ते आधीच कबूल करून टाकते. घोळक्यात उभं राहिलं की तोंड आपोआप उघडतं. खरं तर दोन वर्षांच्या मासिक बैठकांत आम्ही वेगळं काय करत होतो? चेअरमन कागद वाचून दाखवायचे, आम्ही होकार भरायचो. फक्त शेवटी 'महाराजा' म्हणत नव्हतो.

हे रुग्णालय एका ट्रस्टचं. मालवणहून कुडाळकडे जाताना लागणाऱ्या एका बाजारगावात आहे. गावाचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक त्या एका इमारतीकडे बोट दाखवतात आणि आपल्या गावातल्या इमारतीत निर्धास्त जाऊन झोपतात.

दोन वर्षांपूर्वी इथल्या डायलिसिस विभागात एका पेशंटची कावीळ दुसऱ्याला लागली, दुसऱ्याची तिसऱ्याला. बोभाटा झाला. जिल्ह्याच्या आरोग्य कार्यालयानं अट घातली: विभाग बंद करायचा नसेल तर दोन वर्षं आमच्या नजरेखाली चालवा, नियम पाळले जातात की नाही हे बघणारा स्वतंत्र कक्ष उघडा, त्यात माणूस नेमा. दारावर पाटी लागली, 'अनुपालन कक्ष'. आत नेमलेलं माणूस म्हणजे मी.

मला ही नोकरी मानाची वाटली होती. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील मच्छीमारांच्या संघटनेचं काम करायचे आणि पत्रकांचे गठ्ठे आमच्या खाटेखाली असायचे. मी वाचायला शिकले ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. त्यामुळे मला वाटलं, निषेधानंतर जे करायचं असतं ते हेच. नियम लिहायचे, भिंतीवर लावायचे, ते पाळले जातात का ते रोज बघायचं.

त्या दोन वर्षांत चांगलं काही झालंच नाही असं म्हणणं खोटं ठरेल. हात धुतले जाऊ लागले. काविळीच्या पेशंटचं मशीन वेगळं झालं. पाणी रोज तपासलं जाऊ लागलं. पण हे सगळं झालं ते त्या बाईंच्या धाकानं. बाई ठेंगण्या, आपला डबा आपण आणणाऱ्या, आमचा चहासुद्धा न घेणाऱ्या. आल्या की वही उघडायच्या आणि चौकटींवरून बोट फिरवत जायच्या. एखाद्या चौकटीवर बोट थांबायचं.

"हे रिकामं का?"

या तीन शब्दांनी अख्खी इमारत हादरायची. आणि इथेच आमच्या थोर संस्थेनं आपला धडा घेतला. धडा असा की रिकामी चौकट हा गुन्हा आहे. न तपासलेलं पाणी हा गुन्हा आहे, हे कोणाच्या डोक्यात शिरलं नाही. ते माझ्याही डोक्यात किती शिरलं होतं, देव जाणे. कारण नारळ फुटल्यावर पुढच्याच बैठकीत ठरलं की मी वह्या आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा बघायच्या, आणि मी मान हलवली. माझ्या कक्षात गणपतीच्या मखराचं सामान आणून ठेवलं, तेव्हाही मी फक्त खुर्ची सरकवली.

डायलिसिसचा तंत्रज्ञ कामात हुशार होता. सुई अशी लावायचा की पेशंटला कळायचंही नाही. पखवाजावर तो त्याहून हुशार. चवथीच्या दिवसांत आमच्याकडे वाडीवाडीत भजनं असतात आणि चांगल्या पखवाजवाल्याला तेव्हा श्वास घ्यायला सवड नसते. मागच्या दोन चवथी बाई सणातही टपकतील या भीतीनं तो रजेवर गेला नव्हता. गावात लोकांनी त्याला पार टोचून खाल्लं होतं.

"अरे, पखवाज विकलंस काय मेल्या? की सरकारान जप्त केल्यान?"

यंदा सरकार नव्हतं. त्यानं पाच दिवसांची रजा टाकली. चवथीच्या आदल्या दुपारी तो वही मिटून उठला, तेव्हा मी दारात होते.

"पाच दिवसांची सोय करून ठेवलंय, बाय. कोणाक माझ्या नावान बोंब मारूची गरज नाय."

मला वाटलं, बदली माणसाची सोय.

आता पाण्याचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. चवथीला मुंबईचे चाकरमानी गावी येतात. गावच्या माणसाला वर्षभर जे पाणी चालतं ते पाहुण्यांच्या पोटाला चालत नाही, म्हणून ग्रामपंचायत सणाआधी सार्वजनिक विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकते. मोजून नव्हे, मनापासून टाकते. रुग्णालयाला पाणी अशाच एका विहिरीचं. ते प्यालं तर फारसं काही होत नाही, वास येतो एवढंच. डायलिसिसच्या मशीनमध्ये मात्र पाणी आणि माणसाचं रक्त यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. पाण्यातलं क्लोरीन पलीकडे गेलं तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. म्हणून पाणी आधी कोळशाच्या टाकीतून जातं आणि तो कोळसा क्लोरीन धरून ठेवतो. कोळसा थकतो, तेव्हा तो वेळच्या वेळी बदलावा लागतो. आणि टाकी आपलं काम करते की नाही हे कळायला प्रत्येक पाळीआधी पाण्यात एक कागदी पट्टी बुडवायची. पांढरी राहिली तर पेशंट घ्यायचा, गुलाबी झाली तर नाही. हे सगळं दोन मिनिटांचं काम.

कोळसा बदलायची वेळ श्रावणात येऊन गेली होती. चेअरमन म्हणाले होते, "चवथीनंतर बघू." सरकार असताना हे वाक्य त्यांच्या तोंडातून निघालं नसतं.

आमच्या मामाची पाळी त्यात ऋषिपंचमीला आली. मामा एकेकाळी होडीवर तांडेल होता, म्हणजे दर्यावर त्याचा शब्द शेवटचा. दोन्ही मूत्रपिंडं गेल्यापासून त्याचा शेवटचा शब्द ते मशीन. आठवड्यातून तीन खेपा. एक चुकली की पाय सुजतात, दोन चुकल्या की श्वास कोंडतो, त्यापुढचं कोणी बोलत नाही. मामी म्हणाली, आज सणाचं राहू दे. मामा म्हणाला, "माझ्या रगताक सण कळणा नाय गो. सकाळी जावन येतंय. दुपारच्या आरतीक मी व्हयो."

मीच त्याला घेऊन गेले. तो मशीनवर लागला आणि मी माझ्या कक्षात, मखराच्या सामानात, जरा बसले. नंतर बेसिनवर हात धुतले तर हातांना नुकत्याच धुतलेल्या पांढऱ्या शर्टाचा वास आला. ब्लीचिंगचा. मी तशीच ओल्या हातांनी डायलिसिसमध्ये गेले.

बदलीवर कणकवलीची एक मुलगी आली होती. नवी, पण कामाला नेटकी.

"पाणी तपासलंत?"

"तपासलेलं आहे ना, मॅडम. वहीत आहे."

वहीत होतं. तारीख आजची, वेळ सात वाजून दहा मिनिटं, क्लोरीन नाही, खाली आमच्या पखवाजवाल्याची झोकदार सही.

"तुम्ही किती वाजता आलात?"

"साडेसात. मला वाटलं, सर तपासून गेले."

सर त्या वेळी कुठल्या तरी वाडीत रात्रीच्या भजनानंतर घोरत असतील. मी खालची ओळ पाहिली. उद्याची तारीख, सात दहा, क्लोरीन नाही. त्याखाली परवाची. परवाही सात वाजून दहा मिनिटांनी पाण्यात क्लोरीन नव्हतं. आमच्या रुग्णालयानं दोन वर्षांत एवढी प्रगती केली होती की जे पाणी अजून विहिरीतून वर आलं नव्हतं तेही तपासून झालं होतं.

ती चौकट रिकामी असती, तर त्या मुलीनं पट्टी बुडवली असती. एवढंच लक्षात घ्या. तिला रिकामी जागा दिसली असती आणि तिनं विचारलं असतं. आम्ही विचारायची सोयच बंद करून ठेवली होती.

मी पट्टी काढली आणि बुडवली. ती गुलाबी झाली.

"बाय," मागून मामाचा आवाज आला, "माझी छाती दाटता गो. डोक्यात घण घातल्यासारख्या वाटता."

नळीतलं रक्त एरवी गडद असतं. आता ते कोकम सरबतासारखं आरपार दिसत होतं. त्या मुलीनं ते बघितलं आणि ती लगेच कामाला लागली. तिन्ही मशीनं बंद केली, नळ्यांना चिमटे लावले. नळीतलं रक्त परत द्यायचं नाही, हे तिला माहीत होतं. ड्युटीवरच्या डॉक्टरांना बोलावलं. बाकीचे दोन पेशंट उशिरा लागले होते म्हणून थोडक्यात निभावले. मामाला गाडीत घालून गोव्याला नेलं. वाटेत तो एकदाच बोलला.

"तुझे नियम भिंतीर बरे दिसतत गो."

तो वाचला. दुसऱ्याचं रक्त चढवावं लागलं, आठ दिवस तिकडेच काढावे लागले.

चौथ्या दिवशी चेअरमन शहाळी घेऊन भेटायला आले. मला व्हरांड्यात बोलावलं. त्यांची एक पद्धत आहे. गोड बोलायचं असलं की मालवणी, दम द्यायचा असला की प्रमाण मराठी.

"बाय, तू काय परकी? झाला तां वायट झाला. पण खंय लिवन बिवन देव नको."

"कित्याक?"

"सरकार परत येतला. आणि ह्या खेपेक नजर ठेवचा नाय, सरळ टाळा लावतला. मगे तुझ्या मामान खंय जावचा? आठवड्याक तीन खेपा हय गोव्याक? झेपतला तेका?"

या वेळी मी मान हलवली नाही. तेव्हा त्यांनी भाषा बदलली.

"शिवाय, वह्या तपासण्याची जबाबदारी अनुपालन कक्षाची होती, हे तुम्ही विसरला नसाल."

विसरले नव्हते. त्या माणसाबद्दल मला जी चीड आहे ती तो खोटं बोलला म्हणून नाही. जे खरं होतं त्याचाच त्यानं दंडुका केला. मामाला मशीन हवं होतं आणि मशीन चेअरमनकडे होतं. बैठकीत मी मान हलवली होती आणि तेव्हा तेही समोर बसलेले होते.

मी मामाला सगळं सांगितलं. लपवून काय करणार, रक्त त्याचं. त्यानं डोळे मिटून ऐकलं.

"टाळा लावूक सांगता कोण? पाणी बरा करूक सांग."

दोन वर्षं बैठका घेणाऱ्या एकाही शहाण्याला हे वाक्य सुचलं नव्हतं. त्यांच्या जगात दोनच गोष्टी होत्या. डोक्यावर सरकार असणं, किंवा नसणं. पाणी नावाची तिसरी गोष्ट त्यात नव्हती.

मी लिहून दिलं. वहीच्या पानांचे फोटो जोडून जिल्ह्याच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिलं. तिथल्या बाबूनं वाचलं, कपाटातून आमची जाड फाइल काढली आणि तिच्यावरचा शिक्का माझ्याकडे फिरवला.

"तुमची देखरेख समाधानकारकरीत्या पूर्ण झालेली आहे. फाइल बंद."

"पण माणूस मरता मरता वाचला."

"मग नवीन प्रकरण करावं लागेल. आधी संस्थेचा खुलासा मागवू."

खुलासा मागवणारं पत्र दोन आठवड्यांनी आलं. पत्ता होता, अनुपालन कक्ष. म्हणजे माझ्याच तक्रारीवर माझ्याकडूनच खुलासा. मी घडलं तसं लिहिलं. चेअरमननी त्यावर सही केली नाही. दुसरा खुलासा तयार झाला, 'वहीतील नोंदींनुसार पाणी योग्य होते', आणि पुराव्यादाखल वहीची तीच पानं जोडली. विभाग ऋषिपंचमीपासून सण संपेपर्यंत बंद होता. पुढचे तीन दिवस तिथे दिवासुद्धा लागला नव्हता. तरी त्या तीन दिवसांच्याही नोंदी त्यात होत्या, रोज सात दहाला. जिल्ह्यात कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यांनी बघितलं असेल ते एवढंच की सगळ्या चौकटी भरलेल्या आहेत.

कोळसा मात्र तेव्हा बदलला, गुपचूप. मला केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. कक्षाच्या दारावरची पाटी तशीच राहिली. पाटीला पगार लागत नाही.

तंत्रज्ञ एकदा खिडकीशी येऊन उभा राहिला.

"माका वाटला, बाईंका रिकामी चौकट आवडना नाय," तो म्हणाला.

"बाई आता येत नाहीत रे."

"सवय गो."

त्याच्यावर ओरडायचं मी ठरवून ठेवलं होतं. ओरडता आलं नाही. तो खोटारडा नव्हता. त्याला आम्ही जे शिकवलं ते त्यानं इमानानं केलं होतं. माझा सगळा संताप त्याच्यावर खर्च झाला असता तर चेअरमनना बरंच वाटलं असतं. त्यांनी त्याला आठवडाभर घरी बसवून तशी तजवीजही केली होती.

मामाला परत तिथेच यावं लागलं. गोव्याच्या खेपा खरंच झेपण्यातल्या नव्हत्या, तेवढं चेअरमन बरोबर बोलले होते. पहिल्या दिवशी तो खाटेवर बसला, पण हात सदऱ्याच्या बाहीतून बाहेर काढला नाही.

"आधी पट्टी दाखव. मगे सुई."

शेजारच्या खाटेवरचा दुकानदार हसला. "काय रे तांडेला, म्हातारपणी सायन्सचा प्रॅक्टिकल?"

"तुका नको तर तू बघू नको. तुझ्या दुकानातलो माल तरी तू बघून घेतंस काय नाय?"

तंत्रज्ञानं पट्टी बुडवून दाखवली. पांढरी. मामानं बाही वर केली. पुढच्या खेपेला समोरच्या निवृत्त शिक्षिकेनं चष्मा लावून पट्टी हातात घेतली. महिन्याभरात दुकानदारही मागायला लागला. कोणी नियम केला नव्हता, कोणी सही मागितली नव्हती. ज्यांचं रक्त त्या पाण्याला लागून वाहणार होतं, ते बघत होते. चेअरमनना कळलं तेव्हा त्यांनी भिंतीवर फलक लावला, 'रुग्ण सहभाग उपक्रम', खाली ट्रस्टचं नाव. निर्लज्जपणालासुद्धा एक कारागिरी लागते.

मग माघात एका सकाळी मी खिडकीवर असताना आत गडबड ऐकू आली, म्हणून डायलिसिसमध्ये गेले. पट्टी गुलाबी झाली होती. अगदी फिकी, पण गुलाबी. पाचही पेशंट खाटांवर बसलेले, पाचही बाह्या खाली. मधे दोन दिवसांचा खंड पडल्यानं मामाचे पाय सुजलेले होते, बोलताना त्याला दम लागत होता. चेअरमन धावत आले. या वेळी प्रमाण मराठीत आले.

"हे पहा, एवढ्याशा रंगानं काही होत नाही. आणि डायलिसिस चुकलं तर धोका तुम्हालाच आहे, आम्हाला नाही."

"तां खरा," मामा म्हणाला. "आमच्याइतकी घाई कोणाक नाय, साहेबानू. म्हणानच सांगतंय, कोळसो बदला. आम्ही हयच बसतंव."

चेअरमननी तंत्रज्ञाकडे बघितलं. तंत्रज्ञानं सुया परत ट्रेमध्ये ठेवल्या आणि ट्रे झाकला.

दुपारपर्यंत ते बसून होते. शिक्षिकाबाईंना उलटी झाली, त्यांनी तोंड पुसलं आणि परत बसल्या. दुकानदारानं आपल्या वाटणीची उशी मामाच्या पाठीमागे लावली. नवा कोळसा कुडाळहून टेम्पोतून आला, टाकी भरली, धुतली, पाणी सोडलं. तंत्रज्ञ पट्टी घेऊन एकेका खाटेशी गेला. मामानं ती खिडकीच्या उजेडात धरली, या बाजूनं पाहिली, त्या बाजूनं पाहिली, पांढरीच होती, आणि मग शिक्षिकाबाईंकडे दिली.

"आधी हेंका लाव," तो म्हणाला. "हेंका जास्त त्रास होता."